अद्भुताच्या दारावरचे चित्र

अमेरिकेतून निघणाऱ्या ‘वीअर्ड टेल्स’ ह्या अद्भुतकथांच्या मासिकाच्या ऑक्टोबर १९३४ च्या अंकात सी. एल. मूर ह्यांची ‘ब्लॅक गॉड्स किस’ ही कथा प्रसिद्ध झाली. कथेची नायिका जॉयरीची जिरेल ही मध्ययुगीन फ्रान्समधील एका गढीची स्वामिनी आहे. ती प्रथम आपल्यासमोर येते ती पराभूत सेनानी म्हणून, आणि तीही चिलखतात इतकी झाकलेली की, शिरस्त्राण उतरवेपर्यंत आपला प्रतिस्पर्धी स्त्री आहे हे जेत्याला उमगतच नाही. पुढे सूडाचे साधन मिळविण्यासाठी ती पाताळात उतरते तेव्हाही लोखंडी कड्यांचा अंगरखा आणि हाती शस्त्र घेऊनच उतरते. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर ह्याच कथेचे चित्र आहे. चित्रातील जिरेलच्या अंगावर मात्र चिलखताचा मागमूस नाही. एक विरळ वस्त्र कसेबसे अंगावर ठेवलेली, डोळे मिटून काळ्या मूर्तीला बिलगलेली ती कोणी सुकुमार स्त्री आहे. कथा न वाचता नुसते मुखपृष्ठ पाहणाऱ्याला ही बाई गढी लढविते असे सांगितले तर ते खरे वाटणार नाही.

येथे एक तपशील नमूद केला पाहिजे, कारण पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे. सी. एल. मूर म्हणजे कॅथरिन ल्युसिल मूर. ती एका बँकेत नोकरी करणारी तरुणी होती आणि आद्याक्षरांमुळे अनेक वाचक तिला पुरुषच समजत. हेन्री कटनर ह्या लेखकाने तिला पहिले प्रशंसापर पत्र लिहिले तेही ‘श्रीयुत मूर’ ह्यांना उद्देशून; पुढे १९४० मध्ये त्या दोघांचा विवाह झाला, ही गोष्ट निराळी. मुखपृष्ठाचे चित्र काढणारी ‘एम. ब्रंडेज’ हीदेखील स्त्रीच होती : मार्गारेट ब्रंडेज. मंदीच्या त्या काळात एका मुखपृष्ठाचे तिला नव्वद डॉलर मिळत. कथेत एखादा विवस्त्र प्रसंग घातला की मुखपृष्ठ आपल्या कथेला मिळते, हे ध्यानात आल्यावर काही लेखकांनी तसे प्रसंग मुद्दाम घालण्यास प्रारंभ केला, असे सांगितले जाते. म्हणजे लेखिका स्त्री, चित्रकर्ती स्त्री, दोघीही आद्याक्षरांआड झाकलेल्या. आणि उघडी पडली ती तेवढी जिरेल.

ह्या प्रकारचे वेशांतर पुढेही घडत राहिले. रॉबर्ट हॉवर्ड ह्याने त्याच १९३४ साली एका ऐतिहासिक कथेत सोन्या नावाची योद्धी निर्माण केली. १५२९ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात पिस्तूल आणि तलवार चालविणारी ही बाई चांगली चिलखतधारी होती. १९७३ मध्ये रॉय थॉमस आणि बॅरी विंडसर-स्मिथ ह्यांनी तिला काहीसे नाव बदलून चित्रकथेत आणले, आणि लवकरच एस्तेबान मारोतो ह्या स्पॅनिश चित्रकाराने तिला लोखंडी चकत्यांच्या दोन चिंध्या नेसविल्या. तो पोशाख इतका रुजला की अद्भुतरम्य चित्रकलेतील योद्धी म्हटली की आजही प्रथम तोच डोळ्यांपुढे येतो. एस्थर फ्रीझनर ह्या लेखिकेने १९९५ मध्ये ह्याच पोशाखाची थट्टा करणारा एक कथासंग्रह संपादित केला, ह्यावरून तो किती सरावाचा झाला होता ते कळेल.

हे सर्व कथा-चित्रकथांच्या प्रांतात चालले असते तर त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे मला प्रयोजन वाटले नसते. सवंग मुखपृष्ठांनी आतील मजकुरावर अन्याय करावा, हा प्रकार मराठी वाचकाला रेल्वे स्थानकांवरील पुस्तकविक्रेत्यांच्या कृपेने पुरेसा परिचित आहे. परंतु १९७४ साली एक निराळीच गोष्ट घडली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा ह्या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. तीन लहान पुस्तिका, एक खोका आणि पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो तर बरे, असे एखाद्या सद्गृहस्थाने म्हटले असते. मीही तेच म्हणते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. तो जग उभे करतो, संकटे योजितो, इतर सर्व पात्रे बोलतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. “समोर दरी आहे, तू काय करतोस?” असे सूत्रधार विचारतो, खेळाडू सांगतो, आणि यशापयश फाशांवर ठरते. पट नाही, जिंकणे-हरणेही नाही. कथा तेवढी पुढे सरकते. आपल्याकडील सोंगांच्या आणि कथेकऱ्यांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही.

ह्या खेळाचे कूळ मात्र युद्धाच्या खेळांचे होते, आणि त्या कुळाच्या घरात स्त्रीला फारशी जागा नव्हती. एच. जी. वेल्स ह्याने १९१३ मध्ये शिशाच्या सैनिकांनी खेळावयाच्या लढायांवर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. हा खेळ लहानथोर सर्व मुलग्यांचा आहे, आणि मुलींपैकी ज्यांना मुलग्यांचे खेळ व पुस्तके आवडतात अशा त्यातल्या त्यात बुद्धिमान मुलींनाही त्यात मज्जाव नाही, असे त्याने त्याच्या लांबलचक शीर्षकातच सांगून टाकले होते. विनोद म्हणून ते खपून गेले. साठ वर्षांनंतरच्या खेळात विनोद उरला नाही, गृहीतक तेवढे उरले.

ते गृहीतक नियमांच्या आकड्यांतही शिरले. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या नियमग्रंथात स्त्री-पात्राच्या शारीरिक बळावर कमाल मर्यादा घातलेली आहे. मानवी योद्ध्याचे बळ अठराच्या पुढे शतमानाने मोजले जाई. पुरुषाला शंभरापर्यंत, स्त्रीला पन्नासापर्यंत. अग्नी ओकणाऱ्या सर्पाला मर्यादा नाही, मृतांना उठविणाऱ्या मंत्राला नाही, ती नेमकी येथे हवी होती. पुढच्याच वर्षीच्या सूत्रधाराच्या ग्रंथात नगरात अकस्मात भेटणाऱ्या वेश्यांचे प्रकार फाशाने ठरविण्याचे एक कोष्टक आहे. स्त्रियांच्या इतर कोणत्याही व्यवसायावर इतकी मेहनत घेतलेली आढळत नाही. त्यापूर्वी ऑक्टोबर १९७६ च्या ‘द ड्रॅगन’ मासिकात लेन लाकोफ्का ह्याने स्त्री-पात्रांसाठी स्वतंत्र नियम सुचविले होते. हेतू सांगितला होता स्त्रियांना खेळात आणण्याचा. उपाय काय, तर इतर पात्रांना जेथे व्यक्तिप्रभाव हा गुण मोजला जाई तेथे स्त्रीला ‘सौंदर्य’ मोजावे, आणि त्याच्या बळावर तिने शत्रूंना मोहित करावे! आमंत्रण देणाऱ्याचा हेतू शुद्ध असूनही आमंत्रणपत्रिका कशी अपमानास्पद होते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

चित्रे ह्या नियमांच्या सोबतीलाच होती. १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ ह्या पुरवणीच्या मुखपृष्ठावर बळीच्या वेदीवर बांधलेली एक नग्न स्त्री आहे. हे चित्रही एका स्त्रीचे, डेबोरा लार्सन हिचे. १९८१ च्या ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ ह्या प्रकरणाची हकीगत तर अधिकच विचारात पाडणारी आहे. जीन वेल्स ही त्या कंपनीच्या रचना-विभागातील पहिली स्त्री. १९७९ मध्ये ती तेथे आली आणि मासिकातील शंकानिरसनाचे सदरही तिने चालविले. जुलै १९८० मध्ये तिने किम मोहन ह्या संपादकासह स्त्री-खेळाडूंच्या तक्रारींवर एक लेख लिहिला. आपल्या पात्रासाठी शिशाची बाहुली विकत घ्यावी म्हटले तर धड कपडे घातलेली योद्धी मिळत नाही, ही त्यातली एक तक्रार. वर्षभरातच तिने स्वतंत्रपणे रचलेले साहस छापून तयार झाले, आणि कंपनीने ते परत मागवून नष्ट केले. कारणे एकाहून अधिक होती. परंतु त्यांतील एक म्हणजे स्वतःच्याच केसांनी बांधलेल्या आणि पुरुषांनी छळलेल्या स्त्रीचे आतील एक चित्र. ते लॉरा रॉसलॉफ हिने काढलेले होते. साहस नंतर टॉम मोल्डव्हे ह्याने पुन्हा लिहिले, आणि जीन वेल्सला पुढे रचनेचे काम फारसे मिळाले नाही. वेदीवरील नग्न स्त्री १९७६ मध्ये मुखपृष्ठावर चालली. १९८१ मध्ये, खेळ शाळकरी मुलांच्या हाती पडू लागल्यावर, आतले चित्र चालले नाही. बदलली होती ती गिऱ्हाइके. स्त्रीविषयीची दृष्टी जेथे होती तेथेच होती.

ब्रंडेज, लार्सन, रॉसलॉफ ह्या नावांचा आधार घेऊन एक युक्तिवाद केला जातो : स्त्रियांनीच काढलेल्या चित्रांत स्त्रीचा अपमान कसा असेल? ह्या युक्तिवादात हात आणि डोळा ह्यांची गल्लत आहे. कुंचला कोणाच्या हाती आहे हे एक आणि चित्र कोणाच्या डोळ्यांसाठी काढले आहे हे दुसरे. नव्वद डॉलर देणाऱ्याला काय हवे आहे, हे ब्रंडेजला नेमके ठाऊक होते, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही. मराठी रंगभूमीच्या वाचकाला ह्यात अनोळखी असे काही नाही. बालगंधर्वांनी रंगविलेली स्त्री पाहून घरंदाज स्त्रिया लुगडे नेसण्याच्या तऱ्हा उचलीत. स्त्रीत्वाचा तो नमुना पुरुषाने घडविलेला, पुरुषाच्या देहावर पेललेला आणि तरीही स्त्रियांनी आपला मानलेला होता. त्या कलेचे थोरपण मी नाकारीत नाही. परंतु १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, तेव्हा पात्र बोलते कसे, बसते कसे, ह्याचाच विचार पुन्हा करावा लागला. खेळाच्या टेबलाभोवती १९७४ नंतरची कित्येक वर्षे स्त्रीपार्टी नटांचेच राज्य होते, फरक एवढाच की येथे बालगंधर्व कोणी नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. कादंबरीतील वा चित्रशाळेतील स्त्रीचे चित्र आणि खेळाच्या ग्रंथातील स्त्रीचे चित्र ह्यांत एक मूलभूत भेद आहे, आणि ह्या विषयावरील चर्चेत तो बहुधा सुटून जातो. जॉन बर्जर ह्यांनी १९७२ मध्ये आणि लॉरा मल्व्ही ह्यांनी १९७५ मध्ये पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री ह्यांच्या नात्याची जी चिकित्सा केली, ती चित्रकला आणि चित्रपट ह्यांना धरून केली. तेथे प्रेक्षक बाहेर उभा आहे. खेळाच्या ग्रंथातील चित्र प्रेक्षकाला बाहेर उभे राहू देत नाही. ‘हा योद्धा पाहा’ एवढ्यावर ते थांबत नाही, ‘हा तू हो’ असे ते सांगते. ते द्वितीय पुरुषी चित्र आहे. नाटकमंडळीच्या वेशपेटीसारखे त्याचे कार्य आहे : पेटी उघडावी, आतील अंगरखे चाळावेत, आणि जो आपल्याला शोभेल तो अंगावर चढवावा. पेटी उघडणाऱ्या मुलाला राजा, ऋषी, दरोडेखोर, वेडा, सेनापती असे पंधरा अंगरखे मिळतात. मुलीला मिळतात दोन, आणि त्या दोहोंवरही कोणाच्या तरी नजरेचे माप घेतलेले असते.

‘पुरुषांचीही चित्रे अतिशयोक्तच असतात की!’ हा आक्षेप येथे हमखास येतो. फ्रँक फ्रॅझेटा ह्याने १९६६ पासून कोनानच्या पुस्तकांची जी मुखपृष्ठे केली, त्यांतील कोनानचे स्नायू कोणत्याही शरीरशास्त्राला मानवणारे नाहीत, हे खरेच आहे. तोही जवळजवळ उघडाच आहे. परंतु मराठी व्याकरण शिकलेल्या माणसाला ह्याचे उत्तर कठीण जाऊ नये. वाक्य कर्तरी आहे की कर्मणी, हे आपण शब्दांच्या संख्येवरून ठरवीत नाही. क्रियापद कोणाच्या आज्ञेत चालते ते पाहतो. कोनानच्या देहाची अतिशयोक्ती कर्त्याची आहे : जो पाहतो त्याला असे व्हावेसे वाटते. त्याच चित्रात कोनानच्या पायाला बिलगलेल्या स्त्रीच्या देहाची अतिशयोक्ती कर्माची आहे : जो पाहतो त्याला ती मिळावीशी वाटते. दोन देह सारखेच उघडे असून एक चित्राचे क्रियापद चालवितो, आणि दुसऱ्यावर ते चालविले जाते.

ह्याच कारणाने हा वाद वस्त्रांच्या लांबीरुंदीचा मानणे मला घातक वाटते. मामल्लपुरम येथील महिषासुरमर्दिनीच्या लेण्यातील सातव्या शतकातील शिल्प आठवावे. सिंहावर आरूढ झालेली देवी, स्तनपट्टाखेरीज वरच्या अंगावर वस्त्र नाही म्हटले तरी चालेल. पण तिचे आठही हात कामात आहेत, धनुष्य ताणलेले आहे, सगळे शरीर पुढे झेपावणारे आहे. आणि तो प्रचंड महिष गदा हाती असूनही मागे रेलला आहे, त्याचे सैन्य पाय काढते आहे. पल्लवांच्या त्या अनामिक शिल्पकाराने देवीला आणि असुराला जवळजवळ सारख्याच वस्त्रांत दाखविले, आणि तरीही ह्या चित्राचा कर्ता कोण ह्याविषयी पोरालाही शंका येणार नाही. उघडेपणा हा दोष असता तर आपल्याला निम्मी भारतीय शिल्पकला झाकून ठेवावी लागली असती. तसे करू इच्छिणारे लोक आपल्याकडे आहेतच, आणि ह्या प्रश्नावर बोलताना त्यांच्या हाती कोलीत देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. ‘अश्लील’ हा शब्द एकदा आला की चर्चा पोलिसांकडे जाते, आणि चिंध्या नेसलेल्या योद्धीऐवजी डोक्यावरून पदर घेतलेली योद्धी आली म्हणजे सुधारणा झाली असे मानले जाते. दोन्ही चित्रांत ती उभीच असते. फरक एवढाच की एकीत ती एकाच्या नजरेसाठी उभी असते, दुसरीत दुसऱ्याच्या.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे, आणि तो अधिक गंभीरपणे घेण्यासारखा आहे. ज्या जगात ड्रॅगन उडतात, तेथे चिलखत शास्त्रशुद्ध असावे हा हट्ट कशासाठी? अद्भुताला वास्तवाचे नियम लावणे ही अरसिकता नव्हे काय? ह्याला पाश्चात्त्य समीक्षेतून उत्तरे देता येतील. पण मला काश्मीरचा क्षेमेंद्र अधिक जवळचा वाटतो. अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिणाऱ्या ह्या पंडिताने कंबरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर कोण हसणार नाही, असा रोकडा प्रश्न विचारला आहे. त्याच्याही पूर्वी भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या संदर्भात असाच विचार आला आहे : अस्थानी वेश शोभा देत नाही, हसू मात्र आणतो. हे दोघे शास्त्रकार अद्भुताचे शत्रू नव्हते. अद्भुत हा त्यांच्या शास्त्रात स्वतंत्र रस आहे. औचित्य वास्तवाशी जुळवावयाचे नसते, त्या त्या कृतीच्या अंतर्गत जगाशी जुळवावयाचे असते. ज्या चित्रात पुरुष योद्ध्याला थंडी वाजते म्हणून लोकरीचा झगा आहे, तलवार लागते म्हणून गळ्यापर्यंत पोलाद आहे, त्याच चित्रात त्याच बर्फात त्याच शत्रूसमोर स्त्री योद्धी उघड्या पोटाने उभी आहे, तेव्हा चित्रकाराने आपल्याच जगाचा नियम मोडलेला असतो. २००४ पासून चालू असलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या संगणकीय खेळात तर एकच चिलखत पुरुष-पात्राने चढविले की अंगभर दिसे आणि स्त्री-पात्राने चढविले की आखूड होई, असे पुष्कळदा घडत आले. मंत्राने हे घडते असे त्या जगातही कोणी सांगितलेले नाही. छातीच्या आकाराचे दोन उंचवटे ठोकलेले पोलाद हा ह्याच अनौचित्याचा सभ्य अवतार आहे. खऱ्या चिलखताची छाती मधोमध उंच असते ती वार दोन्ही बाजूंना घसरावा म्हणून. दोन उंचवट्यांमधील खळगी वाराला थेट उरोस्थीवर आणून सोडते.

चित्र बदलणे सोपे असते, हेही येथे सांगितले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या शासनाने ह्याच खेळाच्या कंपनीवर स्त्री-कर्मचाऱ्यांच्या छळाचा व भेदभावाचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. पण दाव्यानंतर दोनच महिन्यांनी खेळातील एका वाड्याच्या भिंतीवरील पहुडलेल्या स्त्रीचे तैलचित्र नाहीसे झाले आणि तेथे फळांचे तबक आले. ह्यावर खेळाडू हसले ते योग्यच होते. त्या स्त्रीला भिंतीवरून उठवून टेबलापाशी खुर्ची देण्याचा विचार कोणाला सुचला नाही. तिच्या जागी द्राक्षे ठेवणे सुचले.

मूळ खेळात मात्र काही बदल खरोखरीचे झाले. १९८९ च्या आवृत्तीने बळावरील मर्यादा काढून टाकली. सर्वनाम मात्र पुरुषाचेच ठेवले आणि ते उभयलिंगी समजावे अशी टीप जोडली. २००० च्या आवृत्तीने प्रत्येक वर्गासाठी एक नमुना-पात्र योजिले, आणि ज्या वर्गाची नमुना-पात्र स्त्री असेल तेथे नियमांच्या वाक्यांत ‘ती’ हेच सर्वनाम वापरले. त्यांतील धर्मयोद्धी अल्हांड्रा संपूर्ण चिलखतात आहे. २०१४ च्या ग्रंथात मानववंशाच्या प्रकरणापाशी जे चित्र आहे ते एका कृष्णवर्णी योद्ध्या स्त्रीचे. ‘मानव’ म्हटल्यावर कोणाचे चित्र काढावे, ह्याचे हे उत्तर शंभर घोषणांहून मोलाचे आहे असे मला वाटते. प्रकाशक कंपनीने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार खेळाडूंपैकी सुमारे चाळीस टक्के स्त्रिया होत्या. ह्याचे सारे श्रेय चित्रांना देण्याइतकी मी भाबडी नाही. मार्च २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ ह्या कार्यक्रमात काही नटनट्या हा खेळ प्रत्यक्ष खेळताना लक्षावधी लोकांनी पाहिल्या. टेबलाभोवती बसून हसणाऱ्या, भांडणाऱ्या, डाव उलटविणाऱ्या स्त्रिया दिसल्या. कर्तरी प्रयोगाचा हा पाठ कोणत्याही मुखपृष्ठाहून मोठा होता.

टेबलाविषयी थोडे अधिक. गॅरी अॅलन फाइन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ह्या खेळाडूंचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खेळाडूंत स्त्रिया फारच थोड्या आढळल्याची नोंद आहे, आणि काल्पनिक स्त्री-पात्रांवर अत्याचार करण्याच्या गोष्टी पुरुष-खेळाडू किती सहजपणे बोलत, ह्याचीही आहे. चित्र दारावर असते; आत गेल्यावर जे बोलले जाते त्याने माणूस थांबतो किंवा उठून जातो. मी सध्या ज्या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक आहे, तेथील वसतिगृहात हा खेळ नियमाने चालतो. इंदूरकडील एक मराठी विद्यार्थिनी मला म्हणाली, “मॅडम, मला कोणी नको म्हणत नाही. पण पहिला अर्धा तास मला नियम समजावून देण्यात जातो आणि उरलेला वेळ माझ्या पात्राला सोडवून आणण्यात.” तिला नियम येत होते, आपल्याला सोडवा असे तिने कोणाला सांगितलेलेही नव्हते. ह्या मुलांत दुष्ट कोणीच नाही. ती सौजन्याने वागत आहेत असेच त्यांना वाटते, आणि म्हणूनच त्यांना हे सांगणे अवघड जाते.

भारतात हा प्रश्न आता केवळ आयात मालाचा राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर चाल करून येतात आणि राजी ह्या डोंबारी-कसरतीच्या खेळातील मुलीच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. रक्षण करावयाचे ते भावाने, हा सणाचा सरळ अर्थ येथे उलटा केला आहे : बहीण त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू ही कथा सांगतात, आणि मधली दृश्ये पहाडी लघुचित्रांच्या व बाहुल्यांच्या खेळाच्या वळणाने येतात. मला त्यातील लढाईपेक्षा राजीचे चालणे आवडले. ती खांबाला झोंबते, भिंतीवरून धावते, घसरते, सावरते. तिच्या देहाचे प्रत्येक वळण कसरतीच्या कामातून आलेले आहे, आणि पोशाखही त्याच कामाचा आहे. २०१७ मध्ये ह्या खेळासाठी लोकवर्गणीचा जो प्रयत्न झाला तो फसला होता, तरी संस्थेने तो पुरा केला.

आमच्या वसतिगृहातील मंडळी ह्या सत्रात टेबलावरच्या खेळाचा एक लहानसा मराठी नियमसंग्रह तयार करीत आहेत. इंग्रजीत ‘तू काय करतोस’ आणि ‘तू काय करतेस’ ह्यांत भेद नाही. १९८९ ची ती टीप तृतीय पुरुषी सर्वनामापुरतीच होती. मराठीत सूत्रधाराला समोरच्याला विचारतानाच लिंग ठरवावे लागते. मुलगा योद्धी झाला असेल तर त्याला ‘करतेस’ म्हणावयाचे, मुलगी दरोडेखोर झाली असेल तर तिला ‘करतोस’. पहिल्याच बैठकीत ह्यावर हशा पिकला, आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत तो ओसरला. छापील नियमांसाठी मी त्यांना भावे प्रयोग सुचविला आहे : ‘खेळाडूने पुढे जावे’, ‘सूत्रधाराने थांबावे’. ह्या वाक्यात क्रियापद कोणाचेही लिंग विचारीत नाही, आणि ‘खेळाडू’ हा शब्द तर दोघांचाही आहे. ‘योद्धा’ ह्या शब्दावर मात्र अजून वाद चालू आहे. ‘योद्धी’ काहींना ओढूनताणून केलेली वाटते, ‘वीरांगना’ मला स्वतःला नको आहे, कारण त्या शब्दातला ‘अंगना’ वीराच्या आधी डोळ्यांत भरतो. पहिल्या पानासाठी चित्र काढण्याचे काम इंदूरच्या त्या विद्यार्थिनीने मागून घेतले आहे. कच्च्या रेखाटनात चार पात्रे आहेत, दोरीला धरून दरी उतरणारी, आणि चौघांचीही पाठ आपल्याकडे आहे.